लॉगबुक ट्रकपाशीच संपतं

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात 25 वर्षांहून जुनं वाहन क्लब परमिटवर, म्हणजे जुन्या वाहनांच्या क्लबमार्फत मिळणाऱ्या मर्यादित वापराच्या परवान्यावर, ठेवता येतं. मालकाला वर्षाला 45 किंवा 90 दिवसांचं लॉगबुक मिळतं. गाडी बाहेर काढण्याआधी त्या दिवसाची ओळ भरायची. न भरता निघालात तर गाडी विनानोंदणीची धरली जाते. न्यू साउथ वेल्समध्ये अट 30 वर्षांची आहे आणि क्लबच्या कार्यक्रमांखेरीज 60 दिवसांचं लॉगबुक घेता येतं. सोय साधी आहे, स्वस्त आहे आणि तिच्यामुळे तिथे जुने मॅक, ॲटकिन्सन, इंटरनॅशनल ॲको आणि कॉमर ट्रक आजही स्वतःच्या चाकांवर रस्त्याला लागतात. मात्र त्याच हौशी माणसाच्या शेडमध्ये 1960च्या दशकातला कॅटरपिलर डी-8 बुलडोझर उभा असेल, तर ही सोय त्याच्या काही कामाची नाही. साखळीचं यंत्र डांबरी रस्त्यावर चालवता येत नाही. ते वाहूनच न्यावं लागतं, आणि वाहून न्यायचं म्हटलं की मामला हौसेच्या कायद्यातून निघून थेट अवजड वाहतुकीच्या कायद्यात जातो.

हा कायदा बदलला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. माती हलवणारी जुनी यंत्रं आणि ती वाहणारे जुने ट्रक हा एकच वारसा आहे. त्यातल्या अर्ध्यालाच सवलत देणं म्हणजे उरलेला अर्धा भंगारात जाऊ देणं.

आधी हिशेब बघू. ब्लेड, म्हणजे पुढचं पातं, काढलेला डी-8एच साधारण 22 टनांचा. त्याच्या दोन साखळ्यांमधलं अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत, 84 इंच. त्यात 24 इंची शू (साखळीच्या पट्ट्या) धरले तर बाहेरची रुंदी 2.74 मीटर होते. रस्त्यावरच्या सर्वसाधारण वाहनाची रुंदी वर्षानुवर्षं 2.5 मीटरला बांधलेली. म्हणजे ब्लेड, रिपर (मागचा नांगर), सगळं उतरवूनही यंत्र दोन्ही बाजूंनी बारा-बारा सेंटीमीटर बाहेर राहतंच. आता वजन. त्या काळाला साजेशी जोडी म्हणजे मागे दोन ड्राइव्ह ॲक्सल असलेला ओढणारा ट्रक आणि दोन ॲक्सलचा लो-बेड, म्हणजे खालच्या पाट्याचा ट्रेलर, ज्याला तिथे ‘फ्लोट’ म्हणतात. पुढच्या ॲक्सलला 6 टन, ड्राइव्हच्या जोडीला 16.5, ट्रेलरच्या जोडीला 16.5, एकूण 39 टन ही सर्वसाधारण मर्यादा. ट्रक 8 टनांचा आणि लो-बेड 12 टनांचा धरला, तर वर 22 टनांचा डोझर चढवल्यावर काटा 42 दाखवणार. रुंदीतही बाहेर, वजनातही बाहेर. झालं, परवाना आला.

या परवान्यासाठी 2013 साली राष्ट्रीय अवजड वाहन नियामक ही संस्था ब्रिस्बेनमध्ये उभी राहिली आणि 10 फेब्रुवारी 2014 पासून राष्ट्रीय कायदा लागू झाला. वेस्टर्न ऑस्ट्रेलिया आणि नॉर्दर्न टेरिटरी त्याच्या बाहेर राहिले. तिथले नियम वेगळे. अर्ज एकाच खिडकीवर जातो, पण संमती मात्र वाटेतल्या प्रत्येक रस्त्याच्या मालकाची लागते. महामार्ग राज्याचा, पुढचा फाटा एका कौन्सिलचा, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थेचा, पूल ओलांडला की दुसरी कौन्सिल. प्रत्येकाला उत्तरासाठी 28 दिवस, आणि मार्गाची तपासणी करायची म्हटली तर मुदत सहा महिन्यांपर्यंत वाढू शकते. खाणीला यंत्रं पोचवणाऱ्या कंपनीकडे या कामासाठी वेगळा माणूस असतो. निवृत्त ग्रेडर ऑपरेटरकडे नसतो. बरं, जुन्या यंत्रांची मैदानं गावाबाहेर, कौन्सिलच्या खडीच्या रस्त्याच्या टोकाला. दोनशे किलोमीटर महामार्गाला हरकत नाही आणि शेवटच्या तीन किलोमीटरवर अर्ज अडला, हे या क्षेत्रात सगळ्यांच्या परिचयाचं दुखणं आहे.

मग यंत्र हलवायचंच कशाला, रंग देऊन जागच्या जागी ठेवा की, असं विचारणारे पुष्कळ. खाणगावांच्या वेशीवर निवृत्त डंपर असेच ठेवलेले दिसतात. माझा विरोध नेमका इथेच आहे. उभं यंत्र टिकत नाही. डिझेलच्या टाकीत दमट हवेचं पाणी साचतं, पाणी आणि डिझेल यांच्या सांध्यावर बुरशी धरते आणि पहिलाच फिल्टर तुंबतो. रबरी सील सुकून आकसतात. जुन्या कोरड्या स्टीअरिंग क्लचच्या प्लेटा गंजून एकमेकींना चिकटतात. मग लिव्हर ओढला तरी त्या बाजूची साखळी सुटत नाही आणि डोझर वळायचं नाव घेत नाही. सगळ्यात वाईट प्रकार डेट्रॉइट डिझेल कंपनीच्या टू-स्ट्रोक इंजिनांचा. वर्षानुवर्षं बंद राहिलं की इंजेक्टरचे रॅक, म्हणजे इंधनाचं प्रमाण ठरवणारे दांडे, ‘इंधन चालू’ या स्थितीत अडकून बसतात. कुणी उत्साहाने बॅटरी जोडून सेल्फ मारला तर इंजिन पेटतं, फेरे आवरणारा गव्हर्नर ओढतो पण रॅक मागे येत नाही, आणि काही क्षणांत फेरे एवढे वाढतात की इंजिन स्वतःला फोडून घेतं. म्हणून जाणता माणूस आधी व्हॉल्व्ह कव्हर उघडतो, प्रत्येक रॅक बोटाने हलवून बघतो, हवेच्या तोंडावरची आपत्कालीन झडप खरोखर मिटते का ते तपासतो आणि शिवाय हवेचं तोंड झाकायला एक सपाट फळी हाताशी ठेवतो. त्यानंतर सेल्फ. हे ज्ञान इंजिनाला हात लावूनच पुढे जातं, फलक वाचून जात नाही.

जुना कॅटरपिलर सुरू करणं हाही असाच हाताचा वारसा. मोठ्या डिझेल इंजिनाच्या कुशीला दोन सिलिंडरचं छोटं पेट्रोल इंजिन असतं, त्याला ‘पोनी’ म्हणतात. आधी पोनी सुरू करायचा. त्याचं गरम पाणी मोठ्या इंजिनात फिरतं, कारण दोघांचं कूलिंग एकच; त्याचा धूर मोठ्याच्या इनटेक मॅनिफोल्डला लागून जातो, त्यामुळे आत येणारी हवाही तापते. मोठ्या इंजिनाचा कॉम्प्रेशन लिव्हर ‘सोडलेला’ ठेवायचा, पोनीचं पिनियन (छोटं दातेरी चाक) मोठ्या इंजिनात गुंतवायचं, पोनीचा क्लच हळूच लावायचा. मोठं इंजिन इंधनाविना फिरू लागतं. ऑइलचा काटा वर येईपर्यंत फिरू द्यायचं, थंडीत काही मिनिटं. मग कॉम्प्रेशन लावायचं, पोनीचा आवाज जड होतो, आणि तेव्हा डिझेल उघडायचं. घाईत क्रम चुकला की ऑइल चढण्याआधीच बेअरिंगवर भार येतो. पोनीचं स्वतःचं रडगाणं वेगळं: पेट्रोल आटून कार्ब्युरेटरची भोकं बुजतात, मॅग्नेटोची ठिणगी मरते. आजच्या यंत्राची किल्ली फिरवणाऱ्या तरुणाला हा सगळा क्रम एकदा करू दिला, तर इंजिन सुरू होताना आत काय घडतं हे त्याला कायमचं कळतं. तंत्रशिक्षणाच्या वर्गाला असं साधन विकत घेऊन मिळणार नाही, आणि ते शेडमध्ये तयार उभं आहे.

हा वारसा कुठल्या तोलाचा आहे तेही नीट मांडायला हवं. 1934 साली इंग्लंडमधून आलेला एईसी कंपनीचा आठही चाकं फिरणारा ट्रक, त्याच्या मागे आठ-आठ चाकांचे दोन ट्रेलर; पुढच्याच्या चाकोरीतून मागचा चालेल अशी रचना. नॉर्दर्न टेरिटरीच्या वाळूत रेल्वे न पोचलेल्या भागाला यानेच माल पुरवला. दुसऱ्या महायुद्धानंतर ॲलिस स्प्रिंग्जच्या कर्ट योहान्सनने सैन्यातला जुना डायमंड टी ट्रक घेतला, त्याचं नाव ठेवलं ‘बर्था’, स्वतः ट्रेलर बनवले आणि गुरांची वाहतूक सुरू केली. आज 53.5 मीटर लांबीपर्यंतच्या ज्या रोड ट्रेन (एका ट्रकमागे अनेक ट्रेलर) धावतात त्यांची मुळं इथे आहेत. माती हलवण्याच्या बाजूला स्नोई माउंटन्स जलविद्युत योजना: 1949 ते 1974, 16 मोठी धरणं, 145 किलोमीटरचे बोगदे, 30हून अधिक देशांतून आलेल्यांसह एक लाखाहून जास्त कामगार, त्यातले 121 कामावर मेले. त्या काळच्या यंत्राच्या सीटवर बसल्याशिवाय हे काम म्हणजे काय होतं ते समजत नाही. ना केबिन, ना उलटल्यास वाचवणारा सांगाडा, कानाशी उघडा एक्झॉस्ट, आणि ब्लेड उचलायला हायड्रॉलिक नव्हे तर विंचवरची तार. तार फार ओढली तर पुलीत अडकून तुटणार आणि तुटलेलं टोक ऑपरेटरच्या दिशेने येणार.

आणि आता सीटच नाहीशी होते आहे. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या पिलबारा भागातल्या वेस्ट अँजेलास खाणीत 2008 पासून चालकाविना डंपर धावू लागले. तिथल्या रिओ टिंटो या खाण कंपनीच्या खाणींचं नियंत्रण सुमारे 1,500 किलोमीटर दूर पर्थमधून चालतं. कॅटरपिलर 797एफ एका खेपेला 363 टन उचलतो. असलं धूड कुणीही हौसेने सांभाळू शकणार नाही. त्याची रुंदीच साडेनऊ मीटरच्या आसपास. म्हणजे माणसाच्या हाताने, कानाने आणि कंबरेने चालवलेल्या यंत्रांचा काळ एका बाजूने बंद झाला आहे आणि त्यातलं जेवढं खासगी शेडमध्ये मावतं तेवढंच उरणार आहे. माझी घाई यासाठी आहे. ही यंत्रं कामावर चालवलेले लोक सत्तरी-ऐंशीत आहेत.

यावरचा सगळ्यात जड आक्षेप परवान्याचा नाही, नैतिक आहे. मे 2020 मध्ये पिलबारात जूकन गॉर्जमधल्या, 46,000 वर्षांच्या मानवी वावराच्या खुणा असलेल्या शिळा-आश्रयांना खाणीसाठी सुरुंग लावला गेला. पुट्टू कुंटी कुरामा आणि पिनिकुरा लोकांचा तो वारसा परत येणार नाही. स्नोई योजनेसाठी 1957 साली जुनं ॲडमिनाबी गाव हलवून पाण्याखाली घातलं. ज्या यंत्रांनी दुसऱ्यांच्या स्मृती खणून काढल्या, त्यांनाच स्मारक मानायचं का? हा प्रश्न टाळणाऱ्या हौशी मंडळींशी माझं पटत नाही. यंत्र चकाकवून त्यावर फक्त अश्वशक्ती आणि वजन लिहिणं अपुरं आहे. ते कुठल्या धरणावर, कुणाच्या जमिनीवर, कोणत्या वर्षी चाललं, तेही शेजारी लिहिलं पाहिजे. पण यंत्र कापून टाकल्याने तो इतिहास स्वच्छ होत नाही. पुरावा तेवढा एकाने कमी होतो.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो रास्त आहे. जुनं यंत्र वाहून नेणं हे जोखमीचं काम आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. ऑस्ट्रेलियातला भार बांधण्याचा नियम सांगतो की पुढच्या दिशेला भाराच्या वजनाच्या 0.8 पट जोर थोपवता आला पाहिजे, बाजूला आणि मागे 0.5 पट, वरच्या दिशेला 0.2 पट. 22 टनांच्या डोझरला पुढच्या दिशेला 17.6 टन. भार बांधायच्या 13 मिलिमीटरच्या वाहतूक साखळीची क्षमता 9 टन, पण ती तिरकी लागते. कोनापायी साधारण 15 टक्के गेले असं धरलं तर दोन साखळ्यांचे 15.3 टन भरतात. उरलेला जोर घर्षणावर सोडावा, तर डोझरची ग्रीस लागलेली लोखंडी साखळी ट्रेलरच्या लोखंडी पाट्यावर जवळपास धरतच नाही. म्हणून बांधायला तिसरी साखळी लावायची, किंवा खाली लाकडी फळ्या किंवा रबर घालायचं. शहाणी माणसं दोन्ही करतात. लिव्हरवाल्या बाइंडरने (साखळी ताणायच्या अवजाराने) आवळताना लिव्हर उसळून जबडा फुटल्याची उदाहरणं आहेत. स्क्रूचा रॅचेट बाइंडर वेळ घेतो पण हात-तोंड शाबूत ठेवतो. जुन्या ट्रकची अनेक तुकड्यांची रिम ही आणखी एक जिवाशी गाठ. चाकाचे नट सैल करण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून जोडीतल्या दोन्ही टायरांची हवा पूर्ण सोडायची, आणि हवा भरायची ती पिंजऱ्यात, लांब नळीने, बाजूला उभं राहून. लॉक रिंग नीट बसली नसेल तर ती तोफेच्या गोळ्यासारखी सुटते.

ब्रेकचंही तसंच. लांब उतारावर ड्रम तापून फुगतो, लायनर दूर राहतो, ब्रेकच्या हवेच्या चेंबरचा दांडा जास्त बाहेर यावा लागतो, आणि दांड्याची हद्द संपली की पेडल कितीही दाबा, चाकाला काही पोचत नाही. म्हणून चढताना जो गिअर लागला असता त्याच्या एक खालच्या गिअरने उतरायचं आणि तो गिअर उतार सुरू होण्याआधी टाकायचा. मॅकच्या क्वाड-बॉक्ससारख्या दोन लिव्हरच्या पेटीत, किंवा मुख्य गिअरबॉक्समागे ‘जोई’, म्हणजे जास्तीची गिअरपेटी, जोडलेल्या ट्रकमध्ये, उतारावर गिअर हुकला की तो पुन्हा सापडत नाही, कारण आत सिंक्रो, म्हणजे गिअरचे फेरे आपोआप जुळवणारी रचना, नाही. इंजिनाचे फेरे जुळवून डबल क्लच मारावा लागतो. नव्या चालकांपैकी अनेकांची अवजड वाहनाची परीक्षा स्वयंचलित गिअरच्या ट्रकवर होते आणि लायसन्सवर तशी अट लागते. अशी अट असलेला तरुण आजोबांचा ट्रक कायद्याने चालवू शकत नाही. क्लबांनी स्वतःच्या जुन्या ट्रकवर सिंक्रोविना गिअरचं मान्यताप्राप्त प्रशिक्षण द्यावं आणि राज्यांनी ते मान्य करावं. ही सुरक्षिततेचीच मागणी आहे.

पुलांबाबत मी कौन्सिलच्या अभियंत्यांच्या बाजूने आहे. जुन्या लो-बेडचे ॲक्सल जवळजवळ असतात, त्यामुळे तेवढंच वजन पुलाच्या कमी लांबीवर पडतं. आजचा चार रांगांचा, प्रत्येक रांगेत आठ टायर असलेला लो-बेड, पुढे डॉलीसह (ट्रक आणि ट्रेलर यांच्यामधल्या जास्तीच्या चाकांच्या गाड्यासह), तोच डोझर पुलाला फारसा न जाणवू देता नेतो. तेव्हा सगळं जुन्यावर जुनंच लादून न्यायचा हट्ट सोडावा. डी-8 आणि डी-9 आधुनिक ट्रेलरवर जाऊ देत. जुन्या ट्रकच्या जुन्या लो-बेडवर डी-4 किंवा डी-6 चढवा. ब्लेड नसलेला जुना डी-6 आठ टनांच्या घरात, वजनाची मर्यादा मोडण्याचा प्रश्नच उरत नाही.

इथूनच माझी मागणी अगदी मर्यादित होते. ज्या जोडीचं वजन सर्वसाधारण मर्यादेत आहे आणि फक्त रुंदी जास्त, समजा 3.5 मीटरपर्यंत, तिला वारसा-यंत्र म्हणून दर खेपेच्या अर्जाऐवजी कायमची अधिसूचना लागू करा. अटी कडक ठेवा: दिवसाउजेडी, मोबदला न घेता, आखून दिलेल्या मार्गांवर, क्लबच्या तपासनीसाने सही केलेल्या ब्रेक आणि बांधणीच्या तक्त्यासह, काट्यावरच्या वजनाची पावती जवळ ठेवून. लॉगबुकमध्ये ट्रकच्या ओळीशेजारी यंत्राची ओळ भरायची. वजनदार खेपांना आजचाच परवाना राहू दे, पण ठरलेल्या मैदानांकडे जाणारा शेवटचा रस्ता कौन्सिलने एकदाच तपासून जाहीर करावा. व्हिक्टोरियात लेक गोल्डस्मिथच्या मैदानावर दर मे आणि नोव्हेंबरमध्ये मेळावा भरतो, तिथे मॅरियन कंपनीचं वाफेवर चालणारं फावडं आहे. मैदान तेच, फाटक तेच. दरवर्षी तोच प्रश्न नव्याने विचारण्यात सरकारचाही वेळ जातो.

क्लबांनीही आपली बाजू चोख ठेवावी. ऑस्ट्रेलियात 31 डिसेंबर 2003 पासून ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आहे आणि जुन्या ब्रेक लायनरमध्ये, क्लचमध्ये, मॅनिफोल्डच्या गॅस्केटमध्ये ते हमखास सापडतं. परदेशातून यंत्र किंवा सुटा भाग मागवायचा तर जहाजावर चढण्याआधी तपासणी. देशातल्या यंत्रावर आधीपासून बसलेला भाग न छेडता राहू शकतो, पण उघडलाच तर हवेच्या झोताने धूळ उडवणं हा गुन्हा समजा. मातीचंही तसंच: क्वीन्सलंडच्या आग्नेय भागात 2001 साली सापडलेल्या परदेशी फायर अँट मुंग्या मातीबरोबर प्रवास करतात. डोझर धुतला म्हणजे वरून पाणी मारलं असं नव्हे. पोटाखालचे गार्ड उतरवायचे, रोलरच्या मधली आणि स्प्रॉकेटमागची सुकलेली माती सळईने काढायची. धुतलेल्या साखळ्या लो-बेडवर घसरतातही कमी, म्हणजे एकाच कष्टात दोन कामं.

उरला भंगाराचा प्रश्न. खाण किंवा दगडखाण बंद होताना जमीन पूर्ववत करण्याची योजना सादर करावी लागते. त्या योजनेत एक कलम घालणं अवघड नाही: कापण्याआधी जुन्या यंत्रांची यादी जाहीर करावी, ठरावीक मुदत वस्तुसंग्रहालयांना आणि क्लबांना मागणीसाठी द्यावी आणि मागणी आली तर यंत्र भंगाराच्या वजनी भावाने द्यावं. सोबत सुटे भाग, पार्ट्स बुक आणि देखभालीच्या नोंदीही. नोंदवही नसलेला डोझर सुरू होतो, पण तो कुठे राबला हे सांगू शकत नाही, आणि जूकन गॉर्जनंतर हे सांगणं ऐच्छिक राहिलेलं नाही.